चुंबळ

नवरात्र जवळ आलं की औरंगपुऱ्यात माझ्या दुकानासमोरची रफिकभाईची ज्यूसची गाडी मोसंबीनं हिरवी-पिवळी होते आणि माझं धंद्यातलं लक्ष उडतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला भिंतीवरची शेवटची बारीक ओळ वाचायला लावायची आणि आपण मात्र रस्त्यापलीकडचा मोसंबीचा ढीग वाचत बसायचं, असा माझा तो सगळा मोसम जातो. परवा राहवलं नाही. रस्ता ओलांडून गेलो.

"भाई, माल कुठला?"

"पाचोडका है सेठ. असली. शक्कर है शक्कर!"

एक मोसंबी उचलली, देठाशी नख रोवलं, वास घेतला. पाचोडची नव्हती. पाचोडच्या मोसंबीचा वास मी झोपेत ओळखेन, सर्दीत ओळखेन, नाकावर उशी दाबली तरी ओळखेन. पण रफिकभाईनं एवढ्या कौतुकानं सांगितलं होतं. म्हटलं, "व्हय, पाचोडचीच." त्याचं मन राहिलं आणि माझं खोटं त्याच्या खोट्याशेजारी गाडीवर बसलं. गेल्या सालापर्यंत तो खरं बोलत असण्याची थोडी तरी शक्यता होती.

पाचोडचा बाजार मागं टाकून आत वळलं की आमची वस्ती. माझ्या लहानपणी तिथं माणसाची पारख मानेवरून व्हायची. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे मुलाचं शिक्षण नंतर विचारायचे. आधी त्याच्या डोक्यावर भरली पाटी ठेवून त्याला बांधावरून चालवायचे. माझ्या आजोबांची मान तर इतकी ताठ होती की विहिरीला पाणी किती आहे ते बघायला ते दुसऱ्या माणसाला पाठवत. एक थोरली चुलती होती. डोक्यावर हंड्यावर हंडा, काखेत पोर, आणि त्या अवस्थेत ती नवऱ्याशी भांडायची, तेही नुसते डोळे फिरवून. हंड्यातलं पाणी हलायचं नाही. चुलता हलायचा. एकदा वावटळ आली आणि शेजाऱ्याचे पत्रे उडाले, कडब्याची गंज उडाली, एक शेळी म्हणे पैठणच्या दिशेनं गेली ती परत आली नाही. हंडे मात्र जागच्या जागी. मी स्वतः पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या माना सरळ होत्या, त्यामुळं ते खोटं बोलत असतील असं वाटत नाही.

या सगळ्या मानांचं एक काम होतं. आमच्या मोसंबीच्या बागेला आंबे बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुललेल्या फळांची, पहिली तोड लागली की पहिली पाटी विहिरीवरच्या साती आसरांना जायची. विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड, त्या आमच्या आसरा. पाटी घेऊन जायचं ते घरातल्या शाळकरी पोरानं, मुलगा असो की मुलगी, आणि एका पोरानं आयुष्यात एकदाच. डोक्यावर चुंबळ, म्हणजे जुन्या लुगड्याचं पिळून केलेलं कडं. चुंबळीवर मोसंबीनं भरलेली पाटी. उजव्या हातात पाण्यानं काठोकाठ तांब्या, डाव्या हातात पेटतं निरांजन. म्हणजे पाटीला धरायला हात उरतच नाही. ती धरायची फक्त मानेनं. वाटेत कालव्याची चारी आडवी येते, तिच्यावर बाभळीचा ओंडका टाकलेला. तो ओलांडायचा आणि आसरांपुढं पाटी उभीच्या उभी उतरवायची. तोवर कुणी बोलायचं नाही.

हा कौल होता. पाटी उभी पोचली तर पुढच्या बहाराला धोका नाही. कलंडली तर देवानं सांगितलं ते ऐकायचं. आमच्या घरात बोअर कुठं घ्यायचं हे भूजलवाल्या साहेबाला विचारून ठरायचं आणि बागेचं मात्र पाटीला विचारून. दोन्हीचे अंदाज सारखेच चुकायचे, पण साहेबावर लोक चिडायचे, पाटीवर कुणी चिडलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा ओंडक्याच्या मध्यावर एक गांधीलमाशी माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली. मी हललो नाही. ती नाकावरून कपाळावर गेली, तिथून चुंबळीत शिरली, आत फेरफटका मारून परत नाकावर आली. मी हललो नाही. शेवटी तिचीच सहनशक्ती संपली. विहिरीपाशी पोचलो तेव्हा तांब्यातलं पाणी एक थेंबही कमी झालं नव्हतं. उलट आई म्हणायची की थोडं वाढलंच होतं, तुझ्या घामानं. माझ्या गोष्टीतली गांधीलमाशी दर साली वयानं आणि आकारानं वाढते हे मला मान्य आहे. पण पायाखालचा तो ओंडका जसाच्या तसा आठवतो. तळव्यांना लागणारी सालीची खरबड. खाली चारीतलं थंड पाणी, त्याचा नुसता आवाज. आणि समोर, खूप लांब, काहीच नाही. नजर ठेवायला काहीच नव्हतं. तरी ती ठेवता येत होती.

आता माझ्या दुकानाला एक पायरी आहे. एकच. तिला मी पिवळा पट्टा मारला. मग लाल मारला. मग वर पाटी लावली, "पायरी आहे". शाळा-कॉलेजची पोरं येतात, हातात फोन, मान छातीत रुतलेली, आणि त्या पायरीला असे अडखळतात की जणू ती आत्ताच जमिनीतून उगवली. कुणी काउंटरला मिठी मारतं, कुणी आरशाला. एक मुलगा तर थेट फ्रेमांच्या कपाटाला नमस्कार करून आला. विचारलं तर म्हणतो, "अंकल, दिसलीच नाही." नंबर तपासला. नजर घारीची! डोळे लख्ख, आणि पायाखालचं दिसत नाही. यावर कोणती काच द्यायची ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि त्या पायरीवर सगळ्यात जास्त वेळा पडलेली व्यक्ती म्हणजे माझी मुलगी सई.

गेल्या सालचा पावसाळा सरत आला होता तेव्हा तात्यांचा फोन आला. तात्या माझे चुलते. बाग तेच सांभाळत होते. बागेत डिंक्या शिरला होता. झाडाच्या बुंध्यातून डिंक पाझरायला लागतो, पानं पिवळी पडतात, फांद्या वरून वाळत येतात. अर्धी बाग तशी झाली होती. त्यांचा मुलगा संदीप म्हणत होता की तोडून टाकू, ऊस लावू. तात्यांचं मन धजत नव्हतं.

"म्या ठरवलंय," ते म्हणाले. "कौल लावायचा. पाटी उभी पोचली तर बाग ठेवतो. उरलेली झाडं जगतील नायतर मरतील, माझ्यासंगं. कलंडली तर संदीप म्हणंल तसं."

"पण पाटी नेणार कोण तात्या? संदीपचं पोरगं तर अजून रांगतंय."

"तुझी पोरगी हाय की. दहावीला ना? घराण्यात नेण्याजोगं तेवढंच लेकरू उरलंय."

मी सईकडं बघितलं. ती सोफ्यावर आडवी होती आणि तिची मान अशा कोनात होती की आजोबांनी पाहिली असती तर मोडली समजून वैद्याला बोलावलं असतं. सगळं सांगितलं. वाटलं होतं नाक मुरडेल. ती उठून बसली.

"म्हणजे बाग माझ्यावर आहे?"

"पाटीवर आहे."

"पाटी माझ्यावर आहे ना पण? आपण वाचवू पप्पा. एवढं काय त्यात, डोक्यावर ठेवायचं नि चालायचं."

तिला ती बाग मनापासून आवडायची. दर दिवाळीला तिथल्या एका झाडाच्या बेचक्यात बसून ती मोसंबी खायची आणि बिया संदीपच्या डोक्यावर नेम धरून मारायची. त्यामुळं ती मनापासून म्हणाली, हे मला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही चुंबळ केली, टोपल्यात कांदे भरले आणि सराव सुरू केला.

पहिल्या दिवशी ती टोपलं घेऊन उभी राहिली, तेवढ्यात कांदे जिन्यानं खालच्या काकूंकडं पोचले. दुसऱ्या दिवशीही. काकूंनी त्या महिन्यात कांदे विकत आणले नाहीत. मी म्हटलं, मान वर कर. ती म्हणाली, वरच आहे. मी फोटो काढून दाखवला. तिची वर म्हणजे आमच्या वस्तीवरची खाली होती.

एका हाडाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "डोळे मीट आणि एका पायावर उभी राहा." सईनं डोळे मिटले आणि बाईंच्या टेबलावर बसली, म्हणजे पडली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दिवसभर अशीच लेकरं येतात. माणूस तोल धरतो तो डोळ्यांनी, कानाच्या आतल्या भागानं आणि मानेपासून तळव्यांपर्यंतच्या सांध्यांनी मिळून. मान तासन्‌तास खाली, नजर तळहाताएवढ्या चौकोनात, अंगाला हालचाल नाही, मग हे सगळे एकमेकांना चुकीच्या खबरी देतात.

"सुधारेल?" मी विचारलं.

"रोज सराव केला आणि फोन कमी केला तर."

"पहिलं नक्की करते," सई म्हणाली.

बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्हीही उभे राहून बघा एकदा." मला दुकानाची घाई होती.

फोन मी काढून घेतला. कपाटात ठेवला, किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. भांडण झालं नाही. मुलीनं स्वतःहून दिला होता. पण मग मी जे पाहिलं ते मला विनोदात घालता येत नाही. ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. संध्याकाळ होती, मकबऱ्याच्या बाजूला आभाळ मोसंबीच्या सालीसारखं झालं होतं. तिचा रिकामा हात पोटाशी वाकलेला, बोटं फोन धरल्यासारखी, अंगठा जरा उचललेला. आणि मान त्या रिकाम्या तळहातावर झुकलेली. हातात काही नव्हतं. ती त्यातच बघत होती. मी हाक मारली तेव्हा दचकली आणि म्हणाली, "काय? काही नाही." मी कपाट उघडून फोन देऊन टाकला.

मग एके दिवशी चमत्कार झाला. सईनं मैत्रिणीला, रिद्धीला, व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या टाकीच्या कडेला उभा करून ठेवला होता, सराव दाखवायला म्हणून. डोक्यावर टोपलं घेतलं आणि ती फोनकडं चालत गेली. मान ताठ. खांदे सैल. कांदे शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे गप्प. टाकीपर्यंत गेली, मी फोन उचलून दुसऱ्या टोकाला नेला, तिथवरही आली. गच्चीवर विटांची ओळ मांडली, तिच्यावरून चालली. फोन जिथं, तिथं ती. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला की पोरगी माझ्या थोरल्या चुलतीसारखी चालत होती, भांडणासकट.

"पप्पा, बघितलं? नाही पडलं!"

"बघितलं."

"मग फोन असू दे ना समोर. काय बिघडतं? नियमात फोनचं काही आहे का?"

नियमात फोनचं काही नव्हतं. ज्यांनी नियम केला त्यांनी विहीर, चारी, वारा, गांधीलमाशी सगळं धरलं होतं. हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मी संदीपला फोन केला. तो खूश झाला. त्याला ऊस लावायचा होता खरा, पण बापाचं तोंड पाहवत नव्हतं. म्हणाला, "आण्णा, मी पुढं उभा ऱ्हातो फोन धरून. आमचा खोंड बी पेंडीच्या घमेल्यामागं कुठं बी येतो." मी त्याला हे सईसमोर बोलू नको म्हणून सांगितलं. मला तेव्हा युक्ती सापडल्याचा इतका आनंद झाला होता की खोंडाचं घमेलं रिकामं झाल्यावर काय होतं हे विचारायचं सुचलं नाही.

घट बसले त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिली तोड होती. बागेत दव पडलेलं. निरोगी झाडांवर फळं लगडलेली आणि त्यांच्या शेजारी ती वाळकी झाडं, बुंध्यावर डिंकाचे मणी. सगळ्या बागेला मोसंबीचा तो कडवट गोड वास होता, आणि खाली, पायाशी, काहीतरी कुजल्याचा. संदीपच्या आईनं माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ सईच्या डोक्यावर ठेवली. पाटी चढवली. तांब्या, निरांजन. सगळे गप्प झाले. तात्या विहिरीवर आसरांशेजारी जाऊन बसले होते, मीच करून दिलेला चष्मा पुसत.

संदीप पुढं निघाला, उलट्या पावलांनी, फोन दोन्ही हातांनी वर धरून. त्यात रिद्धी, आवाज बंद केलेली, डोळे मोठे करून बघत होती. सई चालली. मी बाजूनं चाललो होतो आणि मला माझ्या श्वासाचाही राग येत होता. संदीप ओंडका आधी ओलांडून पलीकडं उभा राहिला. सईनं ओंडक्यावर पाय ठेवला. अनवाणी पाय, शहरात वाढलेले, पांढरे. मध्यावर ओंडका जरा दबतो, तिथं माझीही पाटी त्या वेळी थरथरली होती. तिची नाही थरथरली. निरांजनाची ज्योत सरळ. मी खोटं सांगत नाही, आमच्या घराण्यात इतकं सुंदर कुणी चाललं नसेल. ओंडका संपला. ती मातीवर उतरली. आता सपाट जमीन, विहीर समोर, तात्या उठून उभे राहिले होते.

अवघड ते सरलं असं संदीपला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. त्याचे हात भरून आले होते. त्यानं फोन खाली घेतला आणि खिशात घातला.

फोन खाली गेला. त्याच्यामागं सईची नजर गेली. नजरेमागं मान गेली. आणि मानेमागं पाटी.

आवाज फार मोठा झाला नाही. मोसंबी ओल्या मातीवर पडते तेव्हा कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखा येतो, तसा बराच वेळ येत राहिला. काही फळं घरंगळत आसरांपर्यंत गेली. निरांजन विझलं. सई हात पुढं करून तशीच उभी होती, तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं, आणि ती अजून संदीपच्या खिशाकडं बघत होती.

"आबा, मी परत करते," ती तात्यांना म्हणाली. "परत भरा पाटी. मी परत चालते, काकाला फोन धरू दे. मला येतं. पप्पा, सांग ना, मला येतं."

"येतं, व्हय," तात्या म्हणाले. "लई गोड चालली पोरी तू. पण पाटी दुसऱ्यांदा नसती."

"मग बाग?"

तात्या वाकून मोसंबी गोळा करायला लागले होते. त्यांना वाकायला फार वेळ लागला. "बाग डिंक्यानं खाल्ली माय. तू नुसती निमित्त."

त्यांनी हे तिला सोडवायला म्हटलं. पण सईला त्यातला एकच शब्द ऐकू गेला. गाडीत, पाचोड आल्यावर, तिनं विचारलं, "पप्पा, निमित्त म्हणजे कारणच ना?" मी म्हटलं, नाही, वेगळं असतं. कसं वेगळं, ते मी जुळवत होतो तेवढ्यात ती फोनमध्ये बघायला लागली आणि मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. निघताना तात्यांनी चुंबळ तिच्या हातात ठेवली होती. "ही ने. हितं आता कशाला."

दिवाळीनंतर संदीपनं व्हिडिओ पाठवला. जेसीबी होता. सई दुकानात आली होती. आम्ही दोघांनी काउंटरवर फोन ठेवून, डोकी जोडून, माना खाली घालून पाहिला. झाडं मुळासकट उपटून आडवी पडत होती. हिरवी फळं फांद्यांना तशीच. ते बेचकं असलेलं झाडही होतं, तिनं बोटानं दाखवलं. व्हिडिओ संपला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. झाडं उभी राहिली, पुन्हा पडली. पुन्हा उभी राहिली. कितीतरी वेळ आम्ही मान वर केली नाही. रफिकभाई समोरून ओरडला, "क्या सेठ, बाप-बेटी दोनों का चष्मा गुम गया क्या?"

आता तिथं ऊस आहे. तात्या शेताकडं जात नाहीत, ओट्यावर बसतात. त्यांनाही संदीपनं फोन घेऊन दिलाय. मागच्या वेळी गेलो तर मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, मान वर यायलाच वेळ लागला.

डॉक्टरीणबाईंनी सईला सांगितलंय, फोन सोडवत नसेल तर निदान डोळ्यांच्या उंचीवर ठेव. आम्ही स्टँड आणला, तो तिचा धक्का लागून पडला, मोडला. दुसरा आणला, तोही. मग तिनं स्वतःच सोय केली. अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर माझ्या आईच्या लुगड्याची ती चुंबळ, आणि चुंबळीच्या कड्यात टेकवून उभा केलेला फोन. तिच्या मनात वाईट काही नाही. चुंबळ टाकवत नव्हती, एवढंच.

आज दुकानातून येताना रफिकभाईकडून मोसंबी आणली, कुठलीतरी. सोलून तिच्या टेबलावर ठेवायला गेलो. ती पाणी प्यायला उठली होती. उठताना खुर्चीच्या पायाला अडखळली, भिंत धरली, सावरली, मला बघून ओशाळं हसली. पुस्तकांची चळत हादरली, पेन घरंगळलं, मोसंबीच्या फोडी बशीतून सांडल्या.

फोन चुंबळीत ताठ उभा होता. जरासुद्धा हलला नाही.